कशानं आयलीस?

माझ्या मावशीनं दारात आलेल्या माणसाला आधी 'ये, बस' म्हटल्याचं मला आठवत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कशानं आयलीस?" पाणी नंतर, चहा नंतर, कोण मेलं कोण जगलं ते त्याच्याही नंतर. उरणच्या कोळीवाड्यात हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण पूर्वी तिथं पोचणं हेच एक मोठं काम होतं. एसटी चुकली की दिवस गेला. पण बाकीच्यांच्या तोंडी ती विचारपूस असे आणि मावशीच्या तोंडी उलटतपासणी. उत्तर ऐकून ती माणसाची जागा ठरवायची, चटई की खुर्ची.

माझी आई तिची धाकटी बहीण. मावशीच्या घरात दोन होड्या होत्या आणि आळीतली पहिली जीप. आई पनवेलला दिलेली, खाडीवर जाळं टाकणाऱ्या माणसाला, आणि स्वतः बाजारात ओल्या जमिनीवर बसून मासे विकणारी. ती माहेरच्या माणसांना भेटायला एसटीनंच जाणार. मावशी विचारायची, आई 'एसटीनं' म्हणायची, आणि मावशी चारचौघांत म्हणायची, "बसायला भेटलं, का उभ्यानंच आयलीस?" आईला दर वेळी चटईच मिळायची.

मावशीच्या थोरल्याच्या हळदीला आम्ही टेम्पोतून गेलो, कारण त्या दिवशी एसटी आलीच नाही. मांडवात सगळ्या बाया बसलेल्या. मावशीनं प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजी बारकी भयन बगा, मालाबरोबर आयली." मांडव हसला. आईही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं साडी न बदलता भांडी घासायला घेतली, आणि ती भांडी आधीच घासून पालथी घातलेली होती. मी तेव्हा नववीत होते. मावशीचा मला तेव्हा जो राग आला तो अजून तसाच आहे, जुना झालाय एवढंच.

पुढं काळ फिरला. पनवेल ते उरण खाडीकाठच्या जमिनी भरावाखाली गेल्या, आणि माझा धाकटा भाऊ त्या भरावावर मोठा झाला. आधी एक डंपर, मग डंपरांची रांग. ज्या खाडीत बाबांनी जाळं टाकलं ती माझ्या भावानं खडी-मातीनं बुजवायला मदत केली, आणि मासळी कमी झाली तशी मावशीच्या घरच्या होड्याही विकल्या गेल्या. जीप तर कधीच भंगारात गेली होती. मावशीचं सगळं गेलं, प्रश्न तेवढा राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मावशीला बघून खरं वाटायचं.

भावाला एकच गोष्ट खुपायची. लोक त्याला 'डंपरवाला' म्हणायचे. ब्लॉकला इटालियन फरशी बसवली तरी डंपरवाला. मुलांना इंग्रजी शाळेत घातलं तरी डंपरवाला. म्हणून त्यानं एक मोठी परदेशी गाडी घ्यायची ठरवली. डोंगर चढते, नदी ओलांडते, वाळूत रुतत नाही, आणि आत मात्र गाईच्या मऊ चामड्याच्या खुर्च्या, पाठ दाबून देणाऱ्या. पनवेलमध्ये डोंगर चढायचं काम कुणाला पडतं, असं मी विचारलं. भाऊ म्हणाला, "ताई, कपॅसिटी पायजे. वापरायची का नाय ते आपण ठरवायचं."

आईनं मात्र त्या गाडीचा वापर पहिल्याच दिवशी ठरवून टाकला. बुकिंगचे पेढे आणले तेव्हा ती म्हणाली, "या गारीनं मना बायच्या दारान ने. बस, मना दुसरं काय नको." गाडीला ती गारीच म्हणायची. थोरल्या बहिणीच्या दारात त्या गाडीतून उतरायचं, तिनं 'कशानं आयलीस' विचारायचं, आणि आपण काही न बोलता नुसतं मागं बोट दाखवायचं. एवढंच तिचं स्वप्न होतं. ते स्वप्न चांगलं नव्हतं, दुष्टच होतं, आणि मला ते मनापासून पटलं होतं.

मावशी तेव्हा अंथरुणाला लागली होती. साखरेनं तिच्या पायाचं बोट गेलं होतं. आई तिला फोन करायची, पण जायची नाही. मी कामोठ्याला राहते, आईच्या घरापासून लांब नाही. कितीदा म्हटलं, "चल, आत्ता रिक्षा करू, दुपारच्या जेवणापर्यंत परत येऊ." आई म्हणायची, "रिक्षानं? यवरे दिवस थांबले ती रिक्षानं जायला?" आणि फोनवर मावशीला गाडीचं वर्णन ऐकवायची. काळी हाय, काचेतून आतलं दिसत नाय, टायर तुज्या कमरेयवरं हाय. मावशी पलीकडून म्हणायची, "आन तं खरी. मंग बगू."

गाडी यायला महिने गेले. आली ती गणपती होऊन गेल्यावर. मग भावाला हवा तो नंबर मिळेना, तो मिळेपर्यंत गाडी झाकून ठेवली. मग रंगावर ओरखडा पडू नये म्हणून पारदर्शक कागद चढवायला दिली. मग आमच्यातला नेम आड आला. नवी गाडी आधी कार्ल्याला, एकवीरेच्या पायथ्याशी, नंतर दुसरीकडे. देवीआधी मावशी कशी? पण कार्ल्याला सगळ्या भावकीला एकत्र निघायचं होतं, आणि भावकीतल्या दोघांचं आपसात बोलणं बंद होतं. ते बोलायला लागेपर्यंत गाडी थांबली. वाळूत न रुतणारी गाडी आमच्या भावकीत रुतून बसली.

खोटं कशाला बोलू, मला ती गाडी आवडली. भावानं मला पहिल्यांदा पुढं बसवलं, दार लावलं आणि पनवेलचा सगळा आवाज बंद झाला. बंदराच्या रस्त्यावरचे ट्रेलर, ज्यांच्या शेजारून स्कूटर नेताना मी पार कडेला सरकते, ते एकदम माझ्या उंचीवर आले. भावानं पाय दाबला आणि मी खुर्चीत मागं दाबली गेले. अंगावर काटा आला, आनंदाचा. उंचावर बसलं की माणूस फार लवकर वाईट होतो. कामोठ्याचा सिग्नल येईपर्यंत मला रिक्षावाले मूर्ख वाटायला लागले होते, आणि स्कूटरवरच्या बायका तर मरायलाच निघाल्यात असं वाटत होतं. मी रोज त्यांच्यातलीच एक असते.

उपयोगाचं विचाराल तर सांगते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मावेना, म्हणून गेटबाहेर रस्त्यावर उभी असायची आणि भाऊ गॅलरीतून तिच्याकडे बघत बसायचा. बाजाराच्या गल्लीत ती शिरत नव्हती. भाजी वहिनी स्कूटरवरून आणायची, मुलं शाळेच्या व्हॅननं जायची, सिलिंडर टेम्पोतून यायचा. घरातलं एकही काम त्या गाडीनं केलं नाही. तिच्यासाठी कामं मात्र रोज निघत होती, धुवा, पुसा, झाका.

एकदा मात्र ती खरोखर चालली. भावासारख्याच गाड्या असलेल्या दोस्तांचा एक ग्रुप होता. ते सगळे नेऱ्याच्या पुढं, डोंगराखाली, गाढी नदीच्या पात्रात गाड्या घालायला गेले. देवीआधी मावशी चालत नव्हती, नदी चालली. जायच्या आधी त्या दोस्तांनी भावाला सांगितलं, दाराखालची पायरी काढून टाक, दगडाला घासते. शिवाय पायरी लावलेली गाडी सासरवाडीला जायची वाटते. भावानं पायरी काढली, टायर आणखी मोठे घातले, गाडी आणखी उंच केली. मग तिनं दगड चढले, पाणी कापलं, सगळं केलं. त्याचा व्हिडिओ त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आईनं तो मावशीच्या फोनवर पाठवायला लावला. मावशीचं उत्तर आलं नाही. आई म्हणाली, "जलली."

पायरी त्यानं परत लावली नाही.

कार्ला झालं, आणि अखेर आईचा दिवस आला. तिनं ठेवणीतली साडी काढली, नथ घातली, केसात अबोली माळली. खाली गाडीपाशी आली आणि दारासमोर उभी राहिली. गाडीची सीट तिच्या छातीशी येत होती. मासे विकून विकून तिचे दोन्ही गुडघे गेलेले. भावानं दंडाला धरून पाहिलं, मी मागून टेकू दिला, आई थोडी वर जाऊन परत खाली आली. बिल्डिंगचा वॉचमन दुसरीकडे बघायला लागला. दगड चढणारी गाडी, पण तिच्यावर चढायचं कसं हे कुणी बघितलंच नव्हतं.

शेवटी वहिनी वरून पाट घेऊन आली. भाऊ हळदीला ज्यावर बसला होता तोच उंच पायांचा लाकडी पाट. आई कासावीस झाली. "याच्यावर पाय देऊ?" तिनं चप्पल काढली, खाली बसता येत नव्हतं म्हणून मला पाटाला हात लावायला सांगितलं, माझा तो हात आपल्या कपाळाला लावला आणि मगच पाय ठेवला. गाडीत बसल्यावर तिचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला. आम्ही निघालो. वळण घेताना मी मागं पाहिलं तर पाट तिथंच रस्त्याकडेला पडला होता. 'येताना घेऊ' असा विचार मी केला. तिकडे उतरतानाही तो लागेल, हे तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उरणला कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढं जाणं शक्यच नव्हतं. एका बाजूला जाळी विणणारे बसलेले, दुसऱ्या बाजूला सुकत घातलेले बोंबील, आणि मधली वाट म्हणजे एक हातगाडी जाईल एवढी. मावशीचं घर तिथून दिसत होतं. भाऊ आरसे मिटून, सेन्सर ओरडवत, थोडा पुढं सरकला, मग थोडा मागं आला. एक म्हातारा म्हणाला, "दादा, बोंबलांव नको घालू, त्यानला इमा नाय." आजूबाजूचे हसले. भाऊ काळा पडला.

आता आईनं उतरून चालत जायचं. पाट नव्हता. कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणलं. आईनं पाय टेकवताच ते वाकलं, आणि ती घाबरून पाय ओढून घेऊन आत बसली. दोन पोरं 'उचलून घेऊ का आजी' म्हणत पुढं आली. आईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मागं सरली. सगळी आळी बघत असताना, नथ घालून, पोत्यासारखं उचलून घेऊन ती बहिणीच्या दारात जाणार नव्हती. "बायलाच सांगा," ती म्हणाली, "म्हनावं हितंच ये, गारी बगायला."

अंथरुणाला लागलेल्या बाईला बोलावणं पाठवायचं! मी म्हटलं, "आई, असं नको." पण तोवर निरोप गेला होता.

मावशीला तिच्या दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून आणलं. आधी मला ओळखूच आली नाही. ती भारी बाई, जिच्या आवाजानं मांडव हसायचा, ती खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावत होती. खुर्ची गाडीच्या दाराशी ठेवली. मावशीनं मान वर केली, पण आईकडे नाही, भलतीकडेच. तिची सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "डोले गेलं त्यांचं. गेल्या दिवालीपासून कायच दिसत नाय. तुमाला सांगू नका म्हनल्या."

म्हणजे फोनवर आई रंग सांगत होती, काचा सांगत होती, आणि ही पलीकडून 'मंग बगू' म्हणत होती. त्या व्हिडिओला उत्तर का आलं नाही ते मला तेव्हा कळलं. आईला वरून काही ऐकू गेलं नव्हतं. ती सीटच्या कडेला सरकून, ओठ घट्ट मिटून, इतक्या वर्षांचा तो प्रश्न येण्याची वाट बघत होती.

मावशीनं विचारला. "बारके, कशानं आयलीस?"

आईनं काही न बोलता मागं बोट दाखवलं. मावशी थांबली. आई बोट दाखवतच राहिली. मग सुनेनं आईला सांगितलं, "मावशी, त्यानला दिसत नाय," आणि आईचं बोट तसंच हवेत राहिलं.

"ल्योकाच्या गारीनं आयले, बाय," आई शेवटी म्हणाली.

मावशीनं हात पुढं केला. तो दारापर्यंत पोचला नाही, टायरला लागला. तिनं टायर खालपासून वरपर्यंत चाचपला, त्याच्या खाचांत बोटं घातली, हाताला लागलेली माती चोळून पाहिली. आणि मग मान हलवून म्हणाली, "हां. डंपरानं आयलीस."

आळी खो खो हसली. जाळीवाले हसले, पोरं हसली, सून पदर तोंडाला लावून हसली. मावशी मुद्दाम बोलली की तिला खरंच तसं वाटलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. दिवसरात्र दारावरून डंपर जाणाऱ्या गावात आंधळ्या बाईला एवढा मोठा टायर दुसऱ्या कशाचा वाटणार? पण मी तिला ओळखत होते. डोळे गेले तरी तिचा नेम चुकायचा नाही.

हसणं ओसरल्यावर मावशीनं पुन्हा हात वर केला, या वेळी टायरसाठी नाही. "खाली ये ना गो," ती म्हणाली. "हात दे." आई वाकली. गुडघे दुमडत नव्हते, नुसती कमरेतून वाकली, एक हात दाराच्या मुठीला, दुसरा खाली. खालचा हात वर येत होता, वरचा खाली जात होता, आणि मध्ये वीतभर अंतर राहत होतं. सुनेनं मावशीला काखेत धरून उठवायला घेतलं, तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाला. बर्फाचा टेम्पो. आमच्या गाडीनं सगळा रस्ता अडवला होता आणि टेम्पोच्या मागच्या फळीतून बर्फाचं पाणी गळायला लागलं होतं. टेम्पोवाला भावाच्या आईवरून शिव्या देत होता, ती आई समोरच बसलेली. भाऊ घाईघाईनं आत बसला, मीही चढले, आईचं दार ओढून घेतलं, आणि टेम्पो मागं सरला तशी त्यानं गाडी मागं घेतली. आई काचेतून ओरडली, "बाय, पुडच्या येलेला नीट येते!" काच वर होती. बाहेर काही ऐकू गेलं नसणार.

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली. भाऊ म्हणाला, "आंधळी झालीय तर आधी सांगायचं ना. फुकट पॉलिश केलं."

आई मागून म्हणाली, "तिला दिसत नाय. तुला काय झालंय?"

त्यानंतर मी रोज म्हणायचे, चल, रिक्षानं जाऊ. आई आता नाही म्हणत नव्हती, पण हो पण म्हणत नव्हती. तिला चार दिवस जाऊ द्यायचे होते, आळीचं हसणं विसरायला हवं होतं. लाज कमी व्हायला वेळ लागतो, आणि मावशीकडे तो नव्हता.

एका सकाळी फोन आला. मावशी पहाटे गेली होती. भावाची गाडी गॅरेजमध्ये होती, नदीत घातल्यापासून कसलातरी दिवा लागायचा, आणि त्याचा पार्ट परदेशातून यायचा होता. मी कामोठ्याच्या नाक्यावरून रिक्षा केली आणि आईला घ्यायला गेले. रिक्षाची पायरी घोट्याएवढी. आई दांडा धरून स्वतःच चढली, कुणाचा हात न घेता.

कोळीवाड्याच्या तोंडाशी मी म्हटलं, इथंच थांबवा. रिक्षावाला म्हणाला, "का? जाते की आत." त्यानं बोंबलांच्या कडेनं, जाळ्यांच्या कडेनं, सरळ मावशीच्या दारापर्यंत रिक्षा नेली. चाक उंबऱ्याला टेकलं. आईनं पाय खाली टाकला तो थेट ओट्यावर.

आत बाया बसल्या होत्या. आमच्यात मयताला आलेली बाई दारातूनच गळा काढते, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याला प्रश्न विचारत. सगळ्या आईकडे बघत होत्या, सख्खी बहीण, आता हिचा हंबरडा ऐकायचा. आई काही न बोलता भिंतीला धरून मावशीपाशी गेली. गुडघे दुमडत नव्हते तरी दुमडले, आणि खाली बसली. मावशीचा हात चादरीबाहेर काढून तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.

"इचार ना," ती म्हणाली. "बाय, इचार ना मना."

आईनं थोडा वेळ वाट पाहिली.

"रिक्षानं आयले," ती म्हणाली. "दारान उतरले."